दुवेला न उठलेले हात

२१ मे

ही वही येर्केबुलानची. निम्म्या पानांवर त्याची गणितं आहेत, बाकीची कोरी. चूल पेटवायला काढली होती, पण बसले लिहायला. मला लिहायची सवय नाही. वसतिगृहाच्या शाळेतून सहावीत पळून आले ती परत गेले नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही. पण सध्या बोलायला कुणी नाही. नवरा होता तोवर संध्याकाळी त्याला दिवसभराचं सगळं ऐकवायचे. तो भिंतीकडे तोंड करून हूं हूं करायचा. वही हूंसुद्धा करत नाही. चालेल.

आज घोड्या बांधल्या. दावण ताणली, खुंटांना लोणी फासलं, शिंगरं ओळीने बांधली. दीर सेइदाख्मेत शिंगरं धरायला होता. एका शिंगराने त्याच्या मांडीवर लाथ घातली. म्हणाला, "वहिनी, ह्याला आत्ताच कळलंय की यंदा मालक बदललाय."

मालक बदललेला नाही, भागीदार आलाय. चिनी कंपनी आहे. घोड्या आमच्या, म्हणजे माझ्या आणि माझ्या शब्दावर आलेल्या नऊ घरांच्या. दूध थंड ठेवायची टाकी त्यांची, टँकर त्यांचा. आमच्या जुन्या हिवाळी गोठ्याच्या जागेवर त्यांनी मोठी शेड बांधली. तिच्यात दुधाची पावडर करायचं मशीन बसणार. घोडीच्या दुधाची पावडर करून कोण पितं ते अल्ला जाणे, पण पितात म्हणे, त्यांच्याकडच्या मोठ्या शहरांत.

मशीन अजून आलेलं नाही. ते आलं की येर्केबुलान कोरियातून परत येणार. तिकडे तो कारखान्यात मशीनवरच असतो, चार वर्षं झाली. मागच्या शरदात फोनवर तोच म्हणाला, "आई, गावात मशीन बसलं तर मी येतो, मीच चालवीन." म्हणून मी सही केली. दुसरं कारण नाही. गावाला मात्र दहा कारणं सांगितली.

२५ मे

पहिला कुमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, आज फोडला. पिंपाला आतून देवदाराचा धूर दिला होता, म्हणून चव बरी आली. सगळं गाव आलं. म्हाताऱ्या, पोरं, रस्त्याने चाललेला एक ट्रकवाला. सगळ्यांना पोटभर. पहिलं दूध गावाचं असतं, ते विकायचं नसतं. माझी सासू करायची, तिची सासू करायची.

कंपनीचा माणूस तानही आला. तो टाकीच्या शेजारी लोखंडी कंटेनरमध्ये राहतो. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, थंडी असो ऊन असो एकच निळं जाकीट. आमच्या देशात दोन वर्षं आहे, तोडकंमोडकं कझाक बोलतो. मला 'दाजिए' म्हणतो. त्यांच्यात थोरल्या बहिणीला म्हणतात. माझ्याहून मोठा असेल, पण म्हणू दे.

"दाजिए, दूध कुठे?"

"पोटात."

"कुणाच्या?"

"बघ की, सगळी समोर बसलीत."

तो उभाच राहिला. मग बसला. मी वाडगा पुढे केला तर पोटावर हात ठेवून मान हलवली आणि स्वतःच्या थर्मासमधून गरम पाणी ओतून घेतलं. नुसतं पाणी. चहाचं पानसुद्धा नाही. एवढ्या बायकांसमोर माझा वाडगा परत आला. सेइदाख्मेत म्हणाला, "असू दे वहिनी, तो आंघोळीचं पाणी पितो." सगळे हसले. तानही हसला. कळलं असेल तर बेशरम आहे, नसेल तर बावळट.

३ जून

टँकर आला. बरोबर दुभाषी मुलगी मेरुएर्त होती. ती आमचीच, कझाक, पण सीमेपलीकडे जन्मलेली. लहानपणी घरच्यांबरोबर इकडे आली. चिनी फडाफडा बोलते, मला आपाय म्हणते, मावशी म्हणावं तसं. तिने निरोप दिला की तानने मला कंटेनरमध्ये बोलावलंय.

कंटेनर आतून स्वच्छ आहे. एक पलंग, एक टेबल, खिडकीत थर्माकोलच्या खोक्यात मिरचीची रोपं. रोपं पाहून मला हसू आलं. एवढ्या उंचीवर मिरची.

तान म्हणाला, करारात पहिल्या लिटरपासून सगळं दूध भागीदारीचं आहे. टाकीत सुरुवातीचं दूध नाही. वरचे लोक विचारतील.

मी म्हटलं, "पहिलं दूध विकलं तर घोडी पान्हा चोरते."

"हे आधी सांगितलं का नाही, असं ते विचारतायत," मेरुएर्त म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? सूर्य उगवतो हे सांगितलं होतं का मी? पहिलं दूध वाटायचं असतं हे लहान पोराला माहीत असतं."

"आपाय, त्यांच्याकडे घोड्या नसतात. त्यांना कसं माहीत असणार?"

मी भांडायची तयारी करून गेले होते. चांगली दोन-चार वाक्यं जमवून ठेवली होती. पण तानने डोकं खाजवलं, काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "ठीक." झालं. मला उलट राग आला. सगळी वाक्यं वाया गेली.

बाहेर आल्यावर मेरुएर्तने सांगितलं, त्याने हंगाम उशिरा सुरू झाला असं वर कळवलं. मी विचारलं, का? ती म्हणाली, "मीपण विचारलं. म्हणाले, त्यांच्या गावी नवा भात आला की पहिला वाडगा मेलेल्या आईबापांपुढे ठेवतात, मग घरचे जेवतात."

मग हे तिथे का बोलला नाही? तोंड शिवलंय का?

१४ जून

रविवार. फोनसाठी टेकडीवर चढले. खाली रेंज नाही. तानही चढतो. त्याची मुलगी तिकडे दक्षिणेला कुठल्याशा शहरात असते. बायको नाही, वारली. हे मला मेरुएर्तने सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

कोरिया पूर्वेला, त्याचं गावही त्याच बाजूला. त्यामुळे आम्ही दोघं एकाच दिशेला तोंड करून ओरडतो. तो एका दगडाजवळ, मी दुसऱ्या. वारा असला की त्याचं बोलणं माझ्या फोनमध्ये शिरतं. येर्केबुलान म्हणाला, "आई, तिकडे कोण भांडतंय?" मी म्हटलं, "भांडत नाही, तो लेकीला जेवलीस का विचारतोय." मला चिनी येत नाही, पण दुसरं काय विचारणार?

येर्केबुलान बरा आहे. जरा जाड झालाय. मशीनचं सांगितलं तर म्हणाला, "हो, बघू आई." त्याच्या मागे एक बाई बोलत होती. टीव्ही लावून ठेवतो कामावरून आला की. लहानपणापासून तशीच सवय.

तानचा फोन माझ्याआधी संपतो. बहुतेक वेळा उचलतच नाही कोणी. मग तो उगाच उभा राहतो, आणि माझं झालं की खाली उतरतो. मला सोबत करायला थांबतो की काय. मी लहान मूल नाही.

२८ जून

गारा पडल्या. दूध कमी. दिवसभर कोणी आलं नाही.

६ जुलै

तानने मिरची दिली. चार एवढ्याएवढ्या, हिरव्या, कागदात गुंडाळून, जसं काही सोनं आणलंय. मी एक चावली आणि तिथेच थुंकली. डोळ्यांतून पाणी. तो हसला, पहिल्यांदा दात दिसले. मी त्याला म्हटलं, "भावा, एवढं तिखट खाल्ल्यावर गरम पाणी पितोस, तुझं पोट दगडाचं आहे की काय? आणि माझ्या दुधाने तेवढं बिघडतं?" त्याला एवढं लांब कळलं नाही. "पोट," म्हणाला आणि पोटावर हात मारला.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे मोठे लोक येणार आहेत. मशीनचं तेव्हा ठरणार. मी सेइदाख्मेतला मेंढा बाजूला काढायला सांगितलं. तान पाच-सहा वेळा येऊन सांगून गेला, "दाजिए, मोठं जेवण नको. साधं." कंजूस. पाहुणा येणार आणि साधं जेवण. आमच्यात असं बोलतसुद्धा नाहीत.

१२ जुलै

आले, जेवले, गेले. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले. आनंदाने येत नाही. संतापानेपण.

चार जण आले. मोठा साहेब गोरा, गुळगुळीत, बोटं बायकांसारखी. त्याने दूध काढताना पाहिलं. मी गुडघा टेकला, बादली मांडीवर घेतली, सेइदाख्मेतने शिंगरू आणलं, त्याने दोन घोट ओढले, घोडी पान्हावली, मग शिंगरू बाजूला ओढून तिच्या मानेशी उभं केलं.

साहेबाने विचारलं, दिवसातून किती वेळा काढता? मी म्हटलं, सहा. तो म्हणाला, गाय तर दोनदाच देते. मी म्हटलं, गाय आळशी असते. मेरुएर्तने ते सांगितलं तर सगळे हसले.

मग विचारलं, शिंगरू कशाला उभं करता? मी म्हटलं, त्याच्याशिवाय पान्हा फुटत नाही. विचारलं, ते किती दूध पितं? मी म्हटलं, रात्रीचं सगळं त्याचंच, रात्री सोडतो आम्ही. साहेबाने मान डोलावली, फोनवर काही हिशेब केला, परत मान डोलावली. "फार छान, फार छान." मला आवडला माणूस. विचारून घेतो, समजून घेतो. तानसारखा मुखस्तंभ नाही.

तंबूत जेवायला बसलो. मेंढा चांगला निघाला. साहेब स्वतः उठून प्रत्येकाशी प्याला भिडवत होता, काबिदेन अक्साकालला मिठी मारली. काबिदेन म्हणजे आमच्या गावचा सगळ्यांत म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, त्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही. मी मेरुएर्तकडून विचारलं, मशीन कधी? साहेब म्हणाला, लवकरच कळवू. ठीक आहे. बोलण्याचं मी फार मनावर घेत नाही. मी काबिदेनकडे पाहिलं.

काबिदेनने हात पसरले. आम्ही सगळ्यांनी ओंजळी उचलल्या. तो म्हणाला, "ह्या शेडमध्ये मशीन बसो. भागीदारांचं दूध एका भांड्यात मिसळो, कुणाचं मन नासू नये. दूर गेलेली पोरं घरी येवोत. आमीन." साहेबाने आणि त्याच्या लोकांनीपण ओंजळी उचलल्या, चेहऱ्यावरून फिरवल्या. त्यांच्यातल्या एकाने फोटो काढले. झालं. दुवा झाली म्हणजे ठरलं. यानंतर शब्द फिरवणारा माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही. घोडा विकायचा, मुलगी द्यायची, जमीन वाटायची, दुवा झाली की विषय संपला.

आणि तान. तान दाराशी बसला होता. त्याने हात उचलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. सगळ्या तंबूत एकटा. दोन वर्षं आमच्यात राहून त्याला हे माहीत नाही असं नाही. वसंतात काबिदेनच्या नातवाच्या बारशाला मी स्वतः त्याला ओंजळ उचलताना पाहिलंय.

सेइदाख्मेत माझ्या कानाशी म्हणाला, "वहिनी, तुझ्या चिन्याचे हात गोठलेत."

काबिदेननेही पाहिलं. त्याच्या दाढीपुढे असं करतात?

१३ जुलै

सकाळी गेले कंटेनरवर. म्हटलं, "काल हात तुटले होते का?"

"तुटले नाही, दाजिए."

"मग?"

तो खिडकीतल्या मिरच्यांकडे बघत राहिला. मी म्हटलं, तुझे साहेब परके असून त्यांनी आमचा मान ठेवला, आणि तू आमचं पाणी पितोस, आमच्या कुरणावर झोपतोस. तेवढं त्याला कळलं. कान लाल झाले. मी दार आपटून आले. लोखंडी दार, चांगलं वाजलं.

आता ह्याच्याशी बोलायचं नाही.

१९ जुलै

टेकडीवर येर्केबुलानला सांगितलं, मशीनचं ठरलं, दुवा झाली, आता तिकडच्या मालकाला सांगून ठेव. तो म्हणाला, "लगेच नको आई. आधी येऊ दे तर." मी म्हटलं, आलंच समज. मग तो म्हणाला, "तू दमतेस का गं?" हे कशाला मधेच. मागे मांजर ओरडत होतं. मी विचारलं, मांजर पाळलंस? जरा थांबून म्हणाला, "हो." एवढ्याशा खोलीत मांजर. घाण करतं.

तान दगडाजवळ होता. मी पाहिलं नाही. खाली उतरताना तो मागून येत होता, मी वाट सोडून काटेरी झुडपांतून उतरले. परकर फाटला.

२ ऑगस्ट

गवत कापणी चालू आहे. यंदा मी जास्त कापून घेतेय. मशीन आलं की हिवाळ्यातही घोड्या जवळ ठेवाव्या लागतील. तानने सेइदाख्मेतला सांगितलं म्हणे, दाजिएला सांग, एवढं गवत नको. माझं गवत, माझी घोडी. सेइदाख्मेत म्हणाला, "वहिनी, तो काहीतरी सांगायला बघतोय." मी म्हटलं, त्याला तोंड आहे.

इथे कोणी नाही म्हणून लिहिते. कधी कधी वाटतं, नऊ घरांना मी कशाच्या जोरावर ओढलं ह्यात? माझा मुलगा घरी यावा म्हणून? त्यांना हे माहीत नाही. त्यांना वाटतं कुल्पाश धंद्याची पक्की आहे.

१० ऑगस्ट

चांदणीचं शिंगरू काल मेलं. चांदणी म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी, माझी सगळ्यांत दुधाळ. शिंगरू घळीत पडलं, मान मोडली. सापडलं तेव्हा गार झालं होतं. चांदणी घळीच्या काठावर उभी होती, हलायला तयार नाही. संध्याकाळी बादली लावली, थेंब नाही. सड दगडासारखे.

आज सकाळी कातडं सोललं, आत कोरडं गवत भरलं, शिवलं. सेइदाख्मेत गवत न्यायला गेला होता, धरायला कोणी नव्हतं. मी सुई-दोरा घेऊन कातड्याशी झटत असताना तान आला. बसला आणि कातड्याच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. मी शिवत गेले. हात चांगले आहेत त्याचे, घट्ट धरतो, थरथरत नाहीत.

मग ते घेऊन त्याने चांदणीच्या नाकाशी उभं केलं. त्याला मी सांगितलंही नव्हतं, पण तो रोज बघतोच. चांदणीने वास घेतला. चाटलं. परत वास घेतला. तिच्या अंगावरून एक शहारा गेला आणि पान्हा आला. अर्धी बादली दिली.

तान तसाच धरून उभा होता. मग म्हणाला, "दाजिए. तिला माहीत? गवत आहे आत?"

"माहीत असतं तिला."

"मग?"

"माहीत असतं. तरी देते."

त्याने कातडं खाली ठेवलं. मग थर्मास उघडला, झाकणात पाणी ओतलं आणि मला दिलं. मी पिऊन टाकलं. अबोला मोडला की नाही ते मला माहीत नाही. तहान लागली होती.

२७ ऑगस्ट

मेरुएर्त आज टँकरबरोबर आली आणि गाडीतून उतरेचना. मी दार उघडलं तर रडत होती. मी म्हटलं, कोणी मेलं का? ती म्हणाली, "आपाय, मशीन येणार नाही."

कंपनी दुसरीकडे चाललीय. खाली सपाटीवर कोणाचा तरी मोठा फार्म आहे. तिथे घोड्या गोठ्यात उभ्या असतात, शिंगरं लवकर आईपासून तोडतात, मशीनने दूध काढतात. इथे दूध फार थोडं आणि फार महाग, असं ठरलं. टाकी नेणार. कंटेनर नेणार. शेड राहील, ती उचलून नेता येत नाही.

"कधी ठरलं?"

"मला जुलैत कळलं. ते आले होते ना, त्याच दिवशी. गाडीत बसल्यावर तेच बोलत होते. मी पुढे बसले होते, आपाय. मला बोलायची मनाई आहे, मी नोकर आहे."

"दुवेच्या नंतर?"

"आधीच ठरलं होतं. फक्त बघायला आले होते."

"आणि हात उचलले?"

"त्यांना वाटलं, तुमच्याकडे जेवल्यावर असं करतात. तो फोटो त्यांच्या ऑफिसात लावलाय."

मी तिला रागावले नाही. तिचं नाक पुसलं आणि चहा दिला. मग कंटेनरवर गेले.

तान बाहेरच बसला होता, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावून. मी येणार हे त्याला माहीत होतं. मेरुएर्त माझ्या मागे आली, म्हणून सगळं नीट बोलता आलं.

मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"हो."

"सहा आठवडे माहीत होतं. मी गवत कापत होते. तोंड होतं ना तुला?"

तो मेरुएर्तकडे वळला नाही. माझ्याकडे बघून, त्याच्या मोडक्या कझाकमध्येच म्हणाला, "तोंड कंपनीचं, दाजिए. हात माझे."

मग मेरुएर्तमार्फत तो म्हणाला, म्हाताऱ्याने देवाजवळ मागितलं. साहेबांना ते काय आहे ते माहीत नव्हतं, त्यांना दोष लागत नाही. मला माहीत होतं. खोटं ठाऊक असताना मी हात कसे पसरणार?

मी परत आले. सगळ्या तंबूत एकच माणूस आमची दुवा खरी मानत होता, आणि त्याच्यावर मी दार आपटलं.

३० ऑगस्ट

नऊही घरी जाऊन आले. स्वतः, घोड्यावर, एकेका दारात. सांगितलं, मी चुकले. कुणी चहा दिला, कुणी नाही. झिबेकने दारातूनच म्हटलं, "कुल्पाश, तुझी जीभ मोठी, आमची घोडी लहान." बोलू दे. काबिदेन म्हणाला, "दुवा फुकट जात नाही. वेळ घेते." म्हातारे असंच बोलतात. मी म्हटलं, त्या दिवशी हात न उचललेला माणूस आठवतो? तो म्हणाला, "आठवतो. त्याला पाठव कधी."

तीन घरांनी स्वतःहून सांगितलं, घोड्या पुढच्या वर्षी पण तुझ्याच दावणीला बांधू. कुमिझ बाजारात विकू, पूर्वी विकायचो तसा.

येर्केबुलानला अजून सांगितलं नाही. टेकडीवर गेले नाही.

१५ सप्टेंबर

आज शिंगरं सोडली. हंगाम संपला. मोरक्या काढल्या की शिंगरं आधी तशीच उभी राहतात. त्यांना कळत नाही. मग एक पळतं आणि सगळी पळतात. शेवटचा कुमिझ वाटला. पहिल्याला आलेले सगळे आले नाहीत.

टाकी काल गेली. आज दुपारी कंटेनर न्यायला क्रेन आली. तान सामान घेऊन बाहेर उभा होता, एक पिशवी आणि मिरचीचं खोकं. मी म्हटलं, तंबूत चल. तो चुलीजवळ बसला. मी आज सकाळीच पाणी उकळून ठेवलं होतं. माझा सगळ्यांत मोठा वाडगा, कुमिझचा, धुऊन घेतला आणि काठोकाठ गरम पाणी ओतून त्याच्यापुढे ठेवला.

सेइदाख्मेत म्हणाला, "वहिनी, आंघोळ घालतेस का त्याला?" मी म्हटलं, "गप बस आणि पी तुझं." तान वाडगा दोन्ही हातांनी धरून सगळं प्यायला, थेंब ठेवला नाही.

काबिदेनला आणवलं होतं मी, घोड्यावर बसवून. तो म्हणाला, "दुवा तू दे, कुल्पाश. पाहुणा तुझा." मी कधी मोठ्यांसमोर दुवा दिलेली नाही. मला ती लांब वाक्यं येत नाहीत. मी हात पसरले. म्हटलं, "रस्ता सपाट असो. पोट बरं राहो. मुलगी फोन उचलो." आणखी काय म्हणणार?

तानने ओंजळ उचलली. सगळ्यांच्या आधी. दोन्ही हात, छातीच्या वर, बोटं जुळवून. चेहऱ्यावरून फिरवले तेव्हा हात बराच वेळ डोळ्यांवर राहिले.

जाताना त्याने थर्मास आणि मिरचीचं खोकं माझ्या दारात ठेवलं. मी म्हटलं, मला काय करायचीय मिरची? तो म्हणाला, "पाणी घाल, दाजिए. थोडं." क्रेनवाला भोंगा वाजवत होता.

कंटेनरच्या जागी पिवळं गवत आहे, चौकोनी.

२१ सप्टेंबर

टेकडीवर गेले. दुसरा दगड रिकामा होता. आज वारा माझ्याच फोनमध्ये होता, दुसऱ्या कुणाचं बोलणं नाही.

येर्केबुलानने लगेच उचलला. "आई, इतके दिवस कुठे होतीस? मी किती फोन केले."

मी म्हटलं, "मशीन येत नाही. कंपनी गेली."

मग एक श्वास ऐकू आला, लांब. मला आधी वाटलं रडतोय. रडत नव्हता. मोरकी काढल्यावर शिंगरू असाच श्वास टाकतं.

"आई, मग आता..." तो म्हणाला, आणि मागे ते मांजर ओरडायला लागलं. बाईचा आवाज आला, हळू, गप्प करणारा. टीव्हीतली बाई असं बोलत नाही.

मी म्हटलं, "येर्केबुलान, तुझं मांजर भुकेलंय."

"आई..."

"त्याला त्याच्या आईकडे दे. आणि जरा वेळाने तिच्या हातात फोन दे. मी थांबते."

तिकडून हालचाल ऐकू येत होती, दार, पावलं. मी दगडावर बसले, थर्मासमधून झाकणात पाणी ओतून घेतलं. बेचव लागतं, पण हात गरम राहतात. मी फोन कानाला धरून थांबले.